खरं कारण

बावीस वर्षांत एकही खाडा न केलेल्या बस ड्रायव्हरनं दोन दिवसांची रजा मागितली. अर्जात कारण लिहिलं होतं, आमची कुत्री गेली.

"अहो, वरचे साहेब हसतील. आजारपण लिहा, लगेच सही करतो," डेपो मॅनेजर समजुतीनं म्हणाले.

"चौदा वर्षं ती दारात माझी वाट बघत बसायची, साहेब. आता तिचंच नाव लपवून रजा घेणं नाही जमायचं. हवं तर पगार कापा."

तो गेला. मॅनेजरांनी अर्जावर सही केली आणि एक कोरा कागद पुढ्यात ओढला.

"मागच्या वर्षी मी चार दिवस घरी होतो, ते पोटदुखीमुळे नव्हे," त्यांनी वरच्या साहेबांना लिहिलं. "आमचं मांजर गेलं होतं."