ताईंचा एमआरआय

बांगडीला अडकवलेल्या सात सेफ्टी पिना काढून शालनताईंनी विश्रामच्या ओंजळीत ठेवल्या. स्किझोफ्रेनिया त्यांच्या या धाकट्या भावाला होता. पण रक्ताच्या नातेवाइकांच्या मेंदूतल्या जोडण्या कशा असतात, हे डॉक्टरांना तपासायचं होतं. म्हणून आज एमआरआय ताईंचा.

"आत आवाज येतील, ताई. उत्तर द्यायचं नाही," विश्राम म्हणाला.

"मला शिकवतोस?" 'उत्तर द्यायचं नाही' हे बारा वर्षं त्याच त्याला ऐकवत होत्या.

मशीन ठोके देऊ लागलं. थोड्या वेळाने ठोके चक्क विचारू लागले, "गॅस बंद केलास? गॅस बंद केलास?"

"केला बाई," म्हणत ताईंनी मान हलवली.

हललेला फोटो पुन्हा काढायचा म्हणून त्यांना बाहेर बसवलं.

"उत्तर दिलंस?" विश्रामने विचारलं.

ताई त्याच्या ओंजळीतल्या पिना मोजू लागल्या.

"होतं पहिल्यांदा असं," विश्राम म्हणाला.