दृष्ट

"राग मानू नका बाई, पण तुमची दृष्ट लागते झाडांना," घारपुरेकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या. "तुम्ही बघून गेलात आणि आठवड्याच्या आत आमच्या झिनियावर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी आली."

शरयूबाई नुसत्या हसल्या. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई असल्या बोलण्याला काय भीक घालणार! कॉलनीतली भुरी नेमकी कुठल्या बुरशीची, हे शोधायचा ध्यास त्यांनी निवृत्तीनंतर घेतला होता. झाड आजारी असो-नसो, घरोघरच्या झिनियाची पानं त्या मऊ ब्रशने झाडून नमुना डबीत घेत आणि वहीत तारीख टाकत.

घरी आल्यावर त्यांनी सहज ती वही चाळली. पहिला नमुना स्वतःच्याच बागेतल्या भुरी आलेल्या झिनियाचा. पुढे प्रत्येक घरी पहिल्या भेटीत झाड निरोगी, दुसऱ्या भेटीत भुरी. सातही घरं, आणि त्या ज्या क्रमाने फिरल्या त्याच क्रमाने. त्यांनी ब्रश काचपट्टीवर झटकून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बीजाणूंच्या माळाच माळा! ब्रश स्पिरिटमध्ये न बुडवता दुसऱ्या पानाला लावला, तर याच बाई पोरींना प्रयोगशाळेबाहेर काढायच्या.

दारात आठव्या घरातली वासंती उभी होती, हातात झिनियाचं पहिलं फूल घेऊन. नवऱ्याने मरणाच्या पंधरा दिवस आधी पेरलेलं ते झाड.

"काल तुम्ही पान न् पान तपासलंत ना, आता मला घोर नाही."

शरयूबाईंनी ब्रश मुठीत आवळला.

"वासंती, दृष्ट लागली गं त्याला. माझीच."