शंभरावं मेंढरू

संडे स्कूलच्या भिंतीवर मुलांनी बायबलमधली गोष्ट रंगवली: नव्व्याण्णव मेंढरं कळपात आणि हरवून सापडलेलं शंभरावं मेंढपाळाच्या खांद्यावर. फादर चित्र बघायला येणार, तेवढ्यात पाहतो तर खांद्यावरचं मेंढरू गायब! तिथं नुसता पांढरा फराटा.

"सर, आपली लिंबूटिंबूपण गायब आहे!"

सगळी पोरं शोधत सुटली. वर्गातली ती सगळ्यात धाकटी बाकाखाली मुसमुसत सापडली.

"मी नुसती टेकले, सर. रंग ओला होता. आता मला काढून टाकणार?"

तिच्या फ्रॉकच्या पाठीवर अख्खं मेंढरू उमटलं होतं, शेपटीसकट! हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

 

फादर आले तेव्हा भिंतीवरचा मेंढपाळ रिकाम्या खांद्यांनी उभा होता, आणि शंभरावं मेंढरू माझ्या खांद्यावर बसून खिदळत होतं.