मुरमाचा चंद्र

“सून जेवली का ते पाह्य, मंग आपलं ताट घे.”

वच्छलाबाईंच्या सासूनं देवापुढं बसवून त्यांना एवढंच सांगितलं होतं. सासू जाऊन काळ लोटला. पण मुलाचं, विपुलचं, लग्न झालं, घरात सून आली, आणि वच्छलाबाईंनी तो नेम धरला. सीमा जेवून उठली, की मगच त्या ताटावर बसत.

आता सीमाला अचलपूरच्या एका शाळेत शिक्षणसेविकेची नेमणूक मिळाली होती. कपाशीनं लागोपाठ दोन सालं दगा दिला होता, तेव्हा विपुलही सोबत जाऊन शेजारच्या परतवाड्याला काही काम बघणार होता. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. उद्या निघायचं, आणि सीमानं अजून पिशवी भरलेली नव्हती. अचलपूरची सून जेवली का, हे इथं भातकुली गावात बसून आईंना कसं दिसणार? आणि दिसलं नाही तर त्या जेवणार कशा? घरात सगळ्यांच्या मनात हेच होतं, बोलत कोणी नव्हतं. सासरे खुशालराव तेवढे काल म्हणाले होते, की वच्छलेनं रोज सकाळच्या एसटीनं जावं, सुनेचे दोन घास पाहावेत आणि संध्याकाळी वापस यावं. पास मी काढून देतो. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

सकाळी सासू-सुना जात्याशी समोरासमोर बसल्या होत्या. नैवेद्याचं पीठ वच्छलाबाई चक्कीवरून आणत नसत. खुंट्याला दोघींचे हात होते, आणि सीमा पहिल्या दिवशी शिकवायचा धडा सासूला सांगून पाहत होती.

आकाशात काही लघुग्रह टेकडीएवढेच असतात. तेही अखंड दगड नव्हेत, नुसते मुरमाचे ढीग, आपल्याच ओढीनं जेमतेम धरून राहिलेले. ऊन त्यांना तापवतं, आणि ती ऊब परत बाहेर पडताना अगदी हलका धक्का देऊन जाते. अंग वेडंवाकडं, म्हणून त्या धक्क्यानं ढीग फिरू लागतो. लाखो वर्षं, हळूहळू, जास्त जास्त.

वच्छलाबाईंना पटलं नाही. ऊन आपल्यालाही लागतं रोज वावरात, आपण कुठं गरगरतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सीमानं जात्याच्या तोंडावर वाटी पालथी घातली, तिच्याभोवती मूठभर ज्वारी रचली आणि खुंटा सावकाश फिरवला. ढीग जागचा हलला नाही. मग तिनं वेग वाढवला. दाणे कडेकडे सरकत गेले आणि खालच्या फडक्यावर टपटप पडले. देवाचे दाणे आहेत, जरा बेतानं, वच्छलाबाई म्हणाल्या. सीमानं जातं थांबवलं. असेच त्या ढिगाच्या पोटावरचे दगड सुटतात, ती म्हणाली, आणि बाहेर एकमेकांना धरून त्यांचा एक लहानसा चंद्र होतो.

“म्हंजे फुटला ना वं तो,” वच्छलाबाई म्हणाल्या. “घर फुटते तसा.”

“नाई, आई. फुटू नये म्हणून सोडते. सोडलं नाई, तं सगळाच उधळून जाईन.”

वच्छलाबाई फडक्यावरचे दाणे बोटांनी गोळा करू लागल्या. बराच वेळ गोळा करत राहिल्या. मग त्यांनी खाली बघूनच विचारलं, की सुटलेला तो जातो कुठं. सीमा म्हणाली, एकासारखं एक नसतं. एखादा लांब लांब जातो आणि सूर्याभोवती आपली वेगळी वाट धरतो. एखादा परत येऊन अलगद टेकतो. पण पुष्कळ तिथंच फिरत राहतात, आपल्या चंद्रासारखे, त्या ढिगाकडे तोंड करून.

“तोंड इकडंच?”

“इकडंच.”

आतून खुशालरावांचं खाकरणं ऐकू आलं. वच्छलाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, पदरानं हात पुसले आणि शाळेची दुपारची सुट्टी कधी असते ते विचारलं. एक वाजता, सीमा म्हणाली.

“मंग एक वाजता जेवत जाय. मी त्याच्यामागून ताट घेईन. पन आज भूक नाई, उद्या काम हाये, असं करू नको, माय. मले तं दिसनार नाई. तुह्या भरवशावर जेवीन मी.”

तिनं मान हलवली. तेवढ्यानं भागलं नाही. देवाकडे पाहून सांग, असं त्यांनी लावून धरलं. सीमानं सांगितलं. मग त्यांनी तिला पिशवी भरायला उठवलं आणि उरलेलं दळण एकट्यानं दळायला घेतलं. खुशालराव दारात येऊन म्हणाले, की म्हणजे एसटीच्या पासचं राहिलंच. या वेळी दोघी हसल्या.

सोमवारी सीमाचा अचलपूरचा पहिला वर्ग रंगला. सुट्टीची घंटा झाली तरी पोरी उठेनात. टेबलाभोवती त्यांनी गराडा घातला. चंद्र निघून गेल्यावर ढीग हलका होतो का, एकीनं विचारलं. दुसरीनं विचारलं, त्याला करमत असेल का. शिक्षकांच्या खोलीतूनही कोणीतरी नव्या बाईंना हाक मारत होतं. सीमाला भूक नव्हती.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“आल्यावर सांगते,” ती हळूच म्हणाली. “माझ्यासाठी कोणीतरी उपाशी बसलं आहे.”

आणि डबा घेऊन ती हात धुवायला नळाकडे निघाली.