दहावीचा विज्ञानाचा तास

"माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणसं का होत नाहीत?" वकील शेषगिरींनी टेबलावर थाप मारून विचारलं.

धारवाडच्या एका सरकारी हायस्कुलात पालकसभा चालली होती. दहावीला उत्क्रांतीचा धडा नको, त्या तासाला गीता शिकवा, असा शेषगिरींचा अर्ज होता.

त्यांच्या विरोधात प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक श्रीकांत उभे राहिले. सप्तापुरातल्या घरून येताना त्यांनी तक्ते आणले होते. "माणूस माकडापासून झाला असं विज्ञान म्हणतच नाही," ते शांतपणे म्हणाले. "दोघांचे पूर्वज एक. आणि गीता घरी शिकवा, तुम्हाला कोण अडवतंय?"

दोघांनाही टाळ्या पडल्या. चहा झाला. पुन्हा वाद झाला. दोन तासांनी मुख्याध्यापिका कुसुमावतींनी मधला मार्ग काढला. धडाही शिकवायचा, आणि आठवड्याला एक तास गीताही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून गोदावरी उठली. शहराबाहेरच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून ती आली होती.

"माझी ज्योती दहावीला आहे," ती म्हणाली. "काय शिकवायचं ते तुम्ही ठरवलंत, बरं झालं. पण शिकवणार कोण? विज्ञानाचे सर बदलून गेले त्याला दीड वर्ष झालं."

सगळ्यांनी कुसुमावतींकडे पाहिलं.

"जागा रिकामी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "वर चार वेळा कळवलंय."

गोदावरी वकिलांकडे आणि प्राध्यापकांकडे वळली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "अण्णा, मी चौथी शिकलेली. तरी आज तुमचं दोघांचंही मला कळलं. नवे सर येईपर्यंत आठवड्यातून एक-एक दिवस तुम्हीच येऊन शिकवा की."

श्रीकांत तक्ते गुंडाळू लागले. शेषगिरींनी बॅग उचलली.

"मला कोर्ट असतं," शेषगिरी म्हणाले.

"माझी व्याख्यानं ठरलेली आहेत. उत्क्रांतीवरच," श्रीकांत म्हणाले.

"सरांना खरंच वेळ नसतो," शेषगिरींनी त्यांची बाजू घेतली.

दोन तासांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. कुसुमावतींनी ठराव वाचला: दोन्ही विषय शिकवावेत. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाची घंटा झाली, तशी ज्योती आणि तिचा वर्ग नेहमीसारखा मैदान झाडायला गेला.