टेबलावरचा शेपू

थोरली जाऊ शाळेतून आली ती नेहमीसारखी मागच्या दाराने, आणि वाफ्यापाशी थबकली. शेपूची एक काडी शिल्लक नव्हती. पुदिना साफ. पालकाचे नुसते बुडखे उरले होते. गुरं शिरली असती तर त्यांनीसुद्धा चार पानं मागे ठेवली असती.

दोन महिन्यांच्या आजारपणात सासऱ्यांच्या तोंडाची चव गेली होती. दूध आणि औषधं, एवढ्यावर माणूस काटकीसारखा झाला होता. आज सकाळी मात्र आपण होऊन म्हणाले, "सूनबाई, वाफ्यातला शेपू कोवळा असेल ना? दुपारी दे थोडा. नुसताच, मीठ लावून." त्या आनंदात तिचं फळ्यावरचं गणित दोनदा चुकलं होतं आणि मुलं हसली होती.

ती आत आली. जेवणाच्या खोलीत धाकटी खुर्चीवर चढून फोटो काढत होती. आज तिच्या ऑफिसातल्या मॅडम आणि दोघं सहकारी जेवायला यायचे होते. टेबलभर वाळकी तांबूस पानं पसरलेली, मधोमध सोनेरी रंग फासलेला भोपळा. प्रत्येक ताटाखाली पालकाची पानं, पेल्यांतून पुदिना, आणि घडी घातलेल्या प्रत्येक रुमालावर तपकिरी फितीने बांधलेली शेपूची जुडी.

"पानगळीचं टेबल," धाकटी वरूनच म्हणाली. "सगळं घरचं. विकतचं एक पान नाही हं, ताई."

"तू सगळाच्या सगळा कापलास?"

"परत उगवेल की. गवतच ते."

थोरलीने एक जुडी उचलली. बोटांना चिकट लागली. नाकाशी नेली तर शेपूचा वास कुठच्या कुठे, ब्यूटी पार्लरचा दरवाजा उघडल्यासारखा भपकारा आला.

"यावर काय मारलंयस?"

"केसांचा स्प्रे. पानं मलूल नाही पडत त्याने. सगळ्यांवर मारलाय, पालकावरसुद्धा. बघा ना, कशी तरतरीत दिसतात."

थोरलीने माती भुसभुशीत करून, अळ्या हाताने वेचून, पहाटे उठून पाणी घालून जे पिकवलं त्याला हिने केस समजून फवारलं होतं. ती तोंड उघडणार एवढ्यात बेल वाजली आणि धाकटी टुणकन खाली उतरली.

मॅडम खोलीत आल्या त्या हात जोडूनच थांबल्या. "किती सुंदर! हे सगळं तुम्ही घरी पिकवलं?"

"हो ना," धाकटी म्हणाली. "मातीत हात घातल्याशिवाय मला चैनच पडत नाही."

थोरलीने तिच्या नखांकडे पाहिलं. काल रंगवलेली, लांब, स्वच्छ.

मंडळी बसली. मॅडमनी रुमाल उचलला, जुडीतली एक काडी खुडली आणि सरळ तोंडात टाकली. थोरलीने धाकटीकडे पाहिलं. आता बोलेल, आता बोलेल. धाकटी पाण्याचा जग हातात धरून हसत उभी होती. मॅडमनी चावलं, क्षणभर कपाळाला आठी पडली, मग गिळलं.

"वा! ह्याला म्हणतात घरची चव. बाजारच्या शेपूला हे असं नसतं."

ते ऐकून दोघा सहकाऱ्यांनीही एकेक काडी तोडली. तिघंही गुणी वासरांसारखी चघळत बसली. थोरलीला किळस आली. धाकटीची आली, त्या माना डोलावण्याची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली, कारण घरची अब्रू म्हणून तीही मूग गिळून उभी होती.

तेवढ्यात सासरे भिंतीला धरत बाहेर आले. दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते आपल्या पायांनी जेवायला आले होते. खुर्चीत टेकले आणि त्यांची नजर जुडीवर गेली.

"अरे वा, आला का शेपू?"

"बाबांना द्या ना," मॅडम म्हणाल्या. "बघा, कसे खूश झाले."

सगळे धाकटीकडे पाहत होते. तिने थोरलीची नजर टाळली. फीत सोडली, जुडी सासऱ्यांच्या ताटात ठेवली, वर चिमूटभर मीठही घातलं.

"घ्या बाबा."

म्हाताऱ्याने काडी उचलली. ओठांपाशी पोचली तेव्हा थोरलीने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, खाऊ नका. यावर केसांचा स्प्रे मारलाय."

खोलीतलं चघळणं थांबलं. मॅडमनी रुमाल तोंडाला लावला आणि त्यात थुंकल्या. एक सहकारी मोरीकडे धावला. धाकटीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"ताई," ती दात आवळून म्हणाली, "सगळे गेल्यावर सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

थोरलीने सासऱ्यांच्या हातातली काडी हळूच काढून घेतली आणि ताट उचललं. म्हातारा आपल्या रिकाम्या, चिकट बोटांकडे बघत राहिला.

"बाबा, दुसरं काही देऊ? चटकन करते."

"नको," ते म्हणाले. "किती दिवसांनी तोंडाला पाणी सुटलं होतं गं. तेवढं गिळलं मी."