एकतर्फी निकाल

“तुमचं लग्न मोडलं होतं का, एवढंच विचारायला आलेय,” धाकटी म्हणाली. “म्हणजे कोर्टात. कायद्याने.”

मास्तरीणबाई तलावाच्या काठावर टॉवेलने केस पुसत बसल्या होत्या. पोहायला शिकणारी सकाळची पोरं नुकतीच गेली होती, फरशी अजून ओली होती आणि सगळीकडे क्लोरीनचा वास होता. बाईंनी सत्तरी ओलांडली होती, पण खांदे असे, की दारात उभ्या राहिल्या तर आत शिरायची कोणाची छाती होऊ नये. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“म्हणजे तू त्याची बायको.”

“तेच तर कळायला हवंय,” धाकटी म्हणाली.

नवरा जाऊन महिना झाला होता. वारसाच्या कामासाठी काल ती वकिलाकडे गेली, तर त्याने चष्म्यावरून बघत सांगून टाकलं, पहिलं लग्न कायद्याने मोडलेलं नसेल तर दुसरं झालेलंच नाही. तीस वर्षं संसार केला, दोन मुली वाढवल्या, आणि एका वाक्यात ती कोणाचीच कोणी उरली नाही.

“यांना मी एकदा विचारलं होतं. हे म्हणाले, ते सगळं मिटलं, मी तिला घराची किल्ली परत दिली.”

मास्तरीणबाई खो खो हसल्या. “किल्ली! मलाही हेच म्हणाला होता. तुमचं ठरलं तेव्हा सांगायला आला होता ना, इथेच, बूट घालून ओल्या फरशीवर. मी विचारलं, कागदपत्रांचं काय? तर म्हणे, किल्ली दिली ना तुला! रेडिओच्या पोटातली तार न् तार ओळखायचा, पण व्यवहाराच्या नावाने बोंब.”

“मग?”

“मग काय, मीच कोर्टात गेले. मोडलं लग्न, तुमचं व्हायच्या आधी. निकाल तिथे आहे, नक्कल मिळते. उद्या मी येते तुझ्याबरोबर.”

धाकटी मटकन बाकावर बसली. कालपासून छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलला होता, पण तिला अजून विश्वास बसेना.

“पण हे कधी बोलले नाहीत.”

“त्याला माहीतच नव्हतं. नोटीस त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावर गेली, त्याने सही करून ती ठेवून घेतली. पाकीट काही तो उघडणार नाही, याची मला पक्की खात्री होती.”

धाकटीला हसूही आलं आणि रडूही. तीस वर्षं त्यांच्या घरी आलेलं प्रत्येक पाकीट तिनेच फोडलं होतं.

“आणि उघडलं असतं तर?”

“तर सगळा घोळ. धावत आला असता आणि खरं बोलून बसला असता. मी लिहून दिलं होतं, की नवऱ्याने मला टाकलं. खरं तर त्याला घराबाहेर मी काढलं होतं, रागाच्या भरात, भर दुपारी. पण जी बाई स्वतःच नवऱ्याला हाकलते, तिची कायदा सुटका करत नाही म्हणे. मग झाले टाकलेली! तो तारखेला आला नाही, निकाल एकतर्फी लागला. तोवर त्याला म्हणत राहिले, घाई करू नकोस, एवढं वर्ष जाऊ दे.”

ते वर्ष धाकटीला चांगलं आठवत होतं. लग्न सारखं पुढे जात होतं. कधी मनासारखी खोली मिळत नव्हती, कधी दुकानाचं काम निघत होतं. तिने रुसून, भांडून, आदळआपट करून ते वर्ष काढलं होतं. आणि तेव्हा ही बाई तिच्या संसारासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. पुढे घरात हिचा विषय निघाला की आपण काय म्हणायचो? टाकलेली. दुसरा शब्द कधी तोंडात आला नाही. माणूस एवढं मोठं असू शकतं, हे तिला या वयात पहिल्यांदाच दिसत होतं, आणि ते माणूस समोर बसून कानातलं पाणी काढत होतं.

“ताई,” ती म्हणाली. हाक आपोआप आली. “माझ्यासाठी तुम्ही शपथेवर खोटं बोललात.”

“तुझ्यासाठी कसली? तुझं तोंडही पाहिलं नव्हतं मी. त्याच्या पोरांकडे उद्या कोणी बोट दाखवू नये, एवढंच मनात होतं.” फाटकाशी पुढच्या वर्गाच्या पोरांचा गलका झाला. मास्तरीणबाई उठल्या, रबरी टोपी त्यांनी कानांवर ओढली. “आणि ते खोटं सोपं होतं ग. लोक तसंही म्हणतच होते. जड गेलं ते शेवटचं. जज्जसाहेबांनी विचारलं, नवरा उद्या परत आला, तर नांदाल का?”

“मग?”

“नाही म्हटलं,” त्या म्हणाल्या, आणि धाकटीकडे न बघता शिडी धरून पाण्यात उतरल्या.